दिसला का, असं विचारा

गळाला लागलेले प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात आपल्या खाडीतल्या जिताडा माशावर लिहिताना मी ओघात अमेरिकेतल्या मस्की नावाच्या माशाचा उल्लेख केला होता, की तिकडचे लोक त्याला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, म्हणजे दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा कुठे एक लागतो, आणि तरी लोक वर्षानुवर्षं त्याच्याच मागे असतात. दोनच ओळी होत्या. पण त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. पापलेटची गाबोळी कशी साफ करायची वगैरे ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबा, नक्की घेतो.

प्रश्न : आमचा मुलगा मिनियापोलिसला नोकरीला आहे, आता चौथं वर्ष. ठाण्यात असताना तलावपाळीला बोटीतसुद्धा बसायचा नाही. आणि आता जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर शनिवारी पहाटे चारला उठून त्या मस्कीसाठी जातो. गेल्या वर्षी अख्ख्या सीझनमध्ये एक मिळाला, तोही फोटो काढून परत पाण्यात सोडला! सूनबाई वैतागली आहे. रॉडच चार आहेत घरात. मी म्हटलं मासेच हवेत तर बाजारात मिळतात की. तर म्हणतो, आई तुला नाही कळणार. तुम्ही लिहिलंत म्हणून विचारते, या माशात असं आहे तरी काय?
(एक आई, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि बायकोलाही वाचून दाखवलं, कारण लग्नानंतरची पहिली पाच-सहा वर्षं तिनेही मला हेच विचारलंय, फक्त माशाचं नाव वेगळं होतं. आधी मासा काय आहे ते सांगतो, मग मुलाकडे येऊ.

मस्कीचं पूर्ण नाव मस्केलंज. पाईक म्हणून गोड्या पाण्यातल्या शिकारी माशांचं एक घराणं आहे, त्यातला हा सगळ्यात मोठा. मूळचा उत्तर अमेरिकेचाच, ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी, मिसिसिपीचा वरचा भाग, कॅनडातलं ओंटारिओ, त्या सगळ्या पट्ट्यातला. नाव तिथल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलंय, कुणी त्याचा अर्थ मोठा पाईक सांगतं तर कुणी कुरूप पाईक. लांबलचक अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि आत दात एवढे की नुसती दोरी टिकत नाही, पुढे लीडर, म्हणजे स्टीलच्या तारेचा नाहीतर जाड दोरीचा तुकडा, लावावाच लागतो. मासे खातो, बेडूक खातो, पाण्यावर पोहणारं बदकाचं पिल्लूसुद्धा ओढतो. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा केलं, आणि त्याच राज्यात हेवर्ड नावाचं गाव आहे तिथे मासेमारीच्या म्युझियममध्ये १४० फुटांहून लांब फायबरग्लासचा मस्की बांधलाय, लोक त्याच्या पोटातून वर चढून जबड्यात जाऊन उभे राहतात. एका माशाचं एवढं वेड आहे तिकडे. जो विक्रमी मासा मानला जातो तो ६७ पौंड ८ औंसाचा, म्हणजे साडेतीस किलोचा, २४ जुलै १९४९ ला हेवर्डजवळच्याच तलावात कॅल जॉन्सनने धरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जवळच्याच दुसऱ्या पाण्यात लुई स्प्रेने ६९ पौंड ११ औंसाचा धरला असं दुसरी एक संस्था मानते, आणि यातला खरा कुठला यावर पंचाहत्तर वर्षं होऊन गेली तरी अजून भांडणं चालू आहेत.

पण ताई, विक्रमासाठी कुणी दर शनिवारी पहाटे चारला उठत नाही. तेवढ्याने माणूस एक सीझन जाईल, चार वर्षं नाही.

आता हिशोब बघा. बऱ्याच तलावांत एकरामागे एक मोठा मस्कीही नसतो. म्हणजे क्रिकेटच्या मोठ्या ग्राउंडएवढ्या पाण्यात दोन-तीन मासे, आणि ते पण गवताच्या कडेला नाहीतर खोल पाण्यात तासन्तास ढिम्म पडून असणारे, मोठं सावज एकदा खाल्लं की पुढे बराच वेळ तोंड न उघडणारे. एक कास्ट करून लूर, म्हणजे खोटं आमिष, परत ओढायला एक मिनिट लागतं असं धरा. दिवसभरात चारशे कास्ट होतात. दहा हजाराला चारशेने भागा, पंचवीस दिवस. जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचे शनिवार मोजा, साधारण तेवढेच भरतात. दहा हजार हा काही कुणी मोजून काढलेला आकडा नाही, म्हणायची पद्धत आहे, आणि चांगल्या पाण्यात जाणकाराला लवकरही मिळतो, पण तुमच्या मुलाला सीझनला एक मिळाला म्हणजे तो काही वाईट गरवणारा, म्हणजे गळाने मासे धरणारा, नाही एवढं सूनबाईंना नक्की सांगा.

मग पंचवीस दिवसांतले चोवीस दिवस तो कशावर काढतो? हाच खरा प्रश्न आहे. मला त्याचं उत्तर तिथे एकदा गेल्यावर मिळालं.

भाचा विस्कॉन्सिनला आहे, त्याच्याकडे सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो, सहा दिवस बोटीतून हिंडलो. पाव किलोच्या आसपास वजनाचं लूर दिवसभर फेकायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी खांदा वर जाईना. मासा एकही नाही. चौथ्या दिवशी दुपारी ढग आले, वारा फिरला, आणि लूर बोटीपासून दहा-बारा फुटांवर असताना त्याच्या मागे पाण्याचा रंग बदलला. आधी वाटलं गवत आहे. मग ते गवत लूरबरोबर वळलं. चार फूट तरी असेल, तपकिरी-हिरवट, अंगावर उभे पट्टे, लूरच्या शेपटापासून वीतभर अंतर ठेवून येत होता, ना घाई ना काही, आणि कल्ले हळूच उघडमीट करत होते ते मला स्पष्ट दिसत होते. बोटीपाशी आला आणि थांबला. डोळा दिसला मला त्याचा. तो लूरकडे बघत होता की माझ्याकडे, ते आजपर्यंत कळलेलं नाही. आणि मग नुसताच खाली गेला, पोहत नाही गेला, दगड बुडावा तसा सरळ खाली विरघळला. पाणी हललंसुद्धा नाही. माझे गुडघे मात्र थरथरत होते, भाचा म्हणाला मामा बसा आधी.

तिकडे याला फॉलो म्हणतात. मासा पाठलाग करत येतो, बघतो, नकार देतो आणि जातो. मस्की गरवणारी माणसं दिवस संपल्यावर एकमेकांना किती मिळाले असं फारसं विचारतच नाहीत, किती दिसले असं विचारतात. दोन फॉलो झाले तर तो चांगला दिवस. आणि जिथे दिसला ती जागा डोक्यात कायमची बसते, त्या गवताच्या टोकाला एक आहे, साडेतीन-चार फुटी आहे, मला माहितीये आणि त्यालाही मी माहितीये. मग पुढचा शनिवार येईपर्यंत ऑफिसात बसून माणूस हाच विचार करतो की लूर जरा हळू ओढायला हवं होतं का, रंग काळा लावायला हवा होता का, संध्याकाळी परत जायला हवं होतं का.

मानसशास्त्रवाले याचं एक कारण देतात आणि ते खरंच आहे. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दरवेळी दाणा मिळाला तर बंद झाल्यावर प्राणी लवकर नाद सोडतो, पण कधी मिळेल याचा नेम नसेल तर टोचा मारतच राहतो, मारतच राहतो. लॉटरीचं तेच. पण माझ्या मते मस्कीच्या बाबतीत हे अर्धंच कारण झालं. लॉटरीत तुम्हाला न लागलेलं बक्षीस कधी दिसत नाही. इथे ते चार फूट लांब होऊन तुमच्या पायाशी येतं, तुमच्याकडे बघतं आणि नाही म्हणून जातं. ज्याने आपल्याला पाहून नाही म्हटलं ना ताई, त्याला माणूस विसरू शकत नाही. मिळालेल्यापेक्षा हुकलेल्याचीच आठवण जास्त राहते, माझी तर अख्खी वही हुकलेल्या माशांची आहे.

आणि सोडला का, तर त्याच्यासाठी तो मासा खायची वस्तू राहिलेलाच नाही. साडेतीन-चार फुटी मस्की म्हणजे पंधरा-पंधरा वर्षांचं जनावर असतं, कधी त्याहून जास्त, आणि मोठे मासे बहुतेक सगळे मादी असतात. तो मारला की ती जागा रिकामी झाली, तुमच्या मुलासाठीही आणि पुढच्या दहा जणांसाठीही. सोडला तर पुढच्या शनिवारी तो तिथे आहे.

काळजी करण्यासारखं मला यात काही दिसत नाही. पहाटे चारला उठतो, थंड हवेत दिवसभर राबतो, मोबाईल खिशात असतो. सूनबाईंचं वैतागणं मात्र बरोबर आहे, दर शनिवार म्हणजे जास्तच झालं, महिन्यातले दोन शनिवार घरचे असा करार आमच्याकडे झाला होता आणि तो मी आजवर पाळलाय. आणि एक करा, रविवारी फोन आला की मिळाला का असं विचारू नका. दिसला का, असं विचारा. बघा किती वेळ बोलतो ते.

प्रश्न : दादा, मस्कीचे व्हिडिओ बघतो रोज. लूर बोटीपाशी आलं तरी ते लोक बाहेर काढत नाहीत, रॉडचं टोक पाण्यात घालून आठचा आकडा काढत बसतात. खरंच लागतो का त्यात मासा? आपल्याकडे जिताड्याला, मरळीला चालेल का?
(वय २३, घणसोली)

उत्तर : लागतो रे, अगदी पायाशी लागतो, आणि म्हणूनच तर लोक दमले तरी प्रत्येक कास्टला तो आठ काढतातच. फॉलो करत आलेल्या मस्कीसमोरून लूर एकदम वर उचललं की गोष्ट संपली. त्याऐवजी लीडर टोकापाशी येईपर्यंत, म्हणजे दीडेक फूट दोरी बाहेर राहील इतकं गुंडाळायचं, टोक पाण्यात खाली खुपसायचं आणि न थांबता मोठा आठ काढायचा. लहान नाही, मोठा! हा मासा लांब आहे, त्याला पटकन वळता येत नाही, छोटा गोल काढलास तर तोच गोंधळतो. वळणावर लूर जरा खोल न्यायचं आणि वळण झालं की वेग वाढवायचा, सावज निसटतंय असं त्याला वाटलं पाहिजे. बहुतेक वेळा वळणातून बाहेर पडतानाच झडप येते. तेव्हा रॉड वर उचलायचा नाही, आडवा ओढायचा, आणि रिळाचा ब्रेक आधीच असा लावलेला हवा की दोरी सुटेल, कारण दीड फूट दोरीवर दहा किलोचं जनावर म्हणजे काहीतरी तुटणारच.

आता आपल्याकडचं. खाडीचं पाणी गढूळ, जिताडा तुला मागे येताना दिसणारच नाही, त्यामुळे आठ काढून उपयोग शून्य. जिताड्याची जागा धरायची असते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधाच्या, उघाडीतून नाहीतर तिवरांच्या छोट्या नाळीतून पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी, निवट्या, बोयटाची पोरं वाहत येतात, आणि तो तोंडाशीच कडेला उभा असतो. दिवाळे गावाच्या बाजूला वडिलांबरोबर लहानपणी गरवायला जायचो तेव्हा ते मला बोलू द्यायचे नाहीत, नुसतं ऐक म्हणायचे. जिताडा पाण्यावर सावज घेतो तेव्हा फट्ट असा एकच आवाज येतो, ओल्या कपड्यावर थापी मारल्यासारखा. आवाज आला त्याच्या हातभर वरच्या अंगाला जिवंत कोळंबी सोडायची आणि प्रवाहाने जाऊ द्यायची. रात्री बॅटरी मारलीस तर डोळे लाल चमकतात त्याचे. पण बॅटरी मारू नकोस.

मरळ मात्र मस्कीची लांबची बहीण वाटावी अशी आहे, नातं काही नाही पण स्वभाव तोच. पाणवनस्पतीत लपून बसणार, रबरी बेडूक वरून सरकवला की खालून उसळणार, आणि बऱ्याचदा चुकणार. चुकली तर घाबरून ओढून घेऊ नकोस, तिथेच दोन सेकंद थांबव. एक गोष्ट मात्र नक्की पाळ, पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा बुडबुडे सोडत हिंडताना दिसला तर तिथे लूर टाकायचं नाही. खाली नर-मादी राखणीला असतात, त्या रागात लगेच लागतात, आणि मग ती सगळी पिल्लं दहा मिनिटांत दुसऱ्या माशांच्या पोटात. बरेच जण मुद्दाम तेच करतात आणि वर व्हिडिओ टाकतात, मला ते बघवत नाही.

आणि ऐरोली-वाशीच्या मधल्या खाडीत गळ घेऊन जाण्याआधी हद्द बघ, तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून.

प्रश्न : आम्ही जुनी माणसं तिथी बघून खाडीत जायचो. आता पोरं मोबाईलवर बघतात. तुमच्या त्या अमेरिकेच्या माशाला चंद्र कळतो का?
(वय ७८, चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

उत्तर : काका, तुमचं पत्र आलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न तिकडच्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. मस्की गरवणारे चंद्रावर फार भरवसा ठेवतात, चंद्र उगवताना, मावळताना, डोक्यावर असताना चांगल्या जागेवर असायचं असं ठरवून हिंडतात. आता तलावात तर भरती-ओहोटी नाही, मग खरंच फरक पडतो का? तिथे मस्कीवाल्यांची एक संघटना आहे, १९६६ पासूनची, तिचे सभासद प्रत्येक धरलेल्या माशाची तारीख-वेळ लिहून ठेवतात. अशा सुमारे ३ लाख ४० हजार नोंदी घेऊन दोघा संशोधकांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला. निघालं असं की पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास मासे जास्त लागतात हे खरं, पण फरक फार तर पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चंद्र आहे, पण शंभर माशांमागे पाचांपुरता.

आपल्या खाडीत गोष्ट वेगळी आहे ना, इथे चंद्र पाणीच उचलतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमेला दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला, आणि आत ठाण्याकडे त्याहून थोडी उशिरा, हे मला माझ्या आजोबांनी बोटांवर शिकवलं आणि अजून मी मोबाईल उघडण्याआधी बोटं मोजतो. उधाणाला पाणी धावतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, मरगळतं, आणि मासा पाण्याच्या धावण्यावर खातो. काका, तुमच्या पिढीला कुठल्या तिथीला कुठल्या खडकावर काय लागतं हे जे पाठ आहे ते कुणीतरी लिहून घ्यायला हवं. तिकडच्या लोकांनी साध्या वहीत नोंदी ठेवल्या म्हणून चाळीस वर्षांनी त्यातून काही निघालं. घरात नातू असेल तर त्याला वही घेऊन बसवा, आणि मला कळवलंत तर मी स्वतः येतो ऐकायला.

प्रश्न : खायचा तरी असेल तर समजू शकते. खायचाही नाही, मारायचाही नाही, नुसतं गळाला लावून ओढायचं आणि सोडायचं, हा मुक्या जिवाला विनाकारण त्रास नाही का?
(शिक्षिका, कळवा)

उत्तर : आहे. गळ लागल्यावर मासा जीव तोडून झगडतो हे मी रोज बघतो, त्याला त्रास होत नाही असं म्हणणं मला जमणार नाही. आणि सोडलेला प्रत्येक मासा जगतो असंही नाही, काही नंतर मरतात. त्यामुळे तुम्ही याला चूक म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

तरी दुसरी बाजू ऐका. जुन्या काळी तिकडे मस्की बोटीत घेण्याआधी पिस्तुलाने गोळी घालायचे, खरंच, एवढा त्याचा धाक आणि एवढी बेफिकिरी. मग मासे कमी झाले. तेव्हा सगळ्यात आधी ओरड केली ती गरवणाऱ्यांनीच. सोडा, मोजा, लिहून ठेवा असं एकमेकांना शिकवलं त्यांनी, सरकारकडे जाऊन मापं वाढवून घेतली. आज मिनेसोटात बहुतेक पाण्यांत ५४ इंचांपेक्षा, म्हणजे साडेचार फुटांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, आणि त्याहून मोठा मिळाला तरी ठेवणारे थोडेच. मिशिगन तलावाच्या ग्रीन बेमधून तर हा मासा प्रदूषणाने आणि अती मासेमारीने संपलाच होता, १९८९ पासून पिल्लं सोडून परत आणला, आता जगातले मोठे मस्की तिथे मिळतात.

आणि सोडायचीही एक रीत आहे. मासा मोठ्या जाळीत पण पाण्यातच ठेवायचा, लांब पकडीने गळ काढायचा, निघत नसेल तर कटरने गळच तोडायचा, गळ स्वस्त आहे. उभा लटकवायचा नाही, पोटाखाली हात देऊन आडवा धरायचा, आणि फोटो एक श्वास आपण रोखू शकतो तेवढ्याच वेळात, कारण तोही तेवढा वेळ श्वासाविना असतो. उन्हाळ्यात पाणी २७ अंशांच्या आसपास गेलं की शहाणी माणसं मस्कीला गळच टाकत नाहीत, कोमट पाण्यात दमलेला मासा सावरत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. जिताडा जन्मतो नर म्हणून आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे सात-आठ किलोचा जिताडा बहुधा लाखो अंड्यांची आई असते. हे कळल्यापासून मी मोठे सोडतो आणि दोन-अडीच किलोचा घरी नेतो. आमच्याकडे मोठा जिताडा म्हणजे पाहुण्याचा मान, त्यामुळे नातेवाइकांची बोलणी खाल्लीत यावरून. तरी सोडतो.

प्रश्न : मस्कीची पिल्लं मागवून आपल्या तलावांत, धरणांत सोडली तर? ठाणे तर तलावांचं शहर!
(नेरूळ)

उत्तर : नको, अजिबात नको! एकतर तो थंड पाण्याचा मासा, मेच्या उन्हात आपल्या तलावांत तगणार नाही. आणि तगला तर जास्त वाईट. बाहेरून आणलेल्या तिलापियाने आपल्या नद्या-तलावांचं काय केलंय ते गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा, दहातले आठ तेच लागतात. आफ्रिकन मागुरावर २००० पासून बंदी आहे तरी तो सगळीकडे आहे. २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात चक्क अमेरिकेतला मगरीसारख्या तोंडाचा गार मासा सापडला, कुणीतरी घरच्या टाकीतून आणून सोडलेला असणार. हौस असेल तर आपल्या महाशीरासाठी करा. लोणावळ्याला टाटांच्या धरणांपाशी १९७० च्या दशकापासून महाशीराची पिल्लं तयार करून सोडतात, तो आपला खराखुरा मोठा मासा, त्यालाही तेवढाच मान मिळायला हवा. तुमच्या घरच्या टाकीतला मासा मोठा झाला असेल तर दुकानदाराला परत द्या, तलावात सोडू नका.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मुलीकडे विस्कॉन्सिनला जातोय, दोन महिने. गोरेगावच्या तलावावर थोडंफार गरवलंय पूर्वी. एकदा तरी मस्कीचा अनुभव घ्यायचाय. काय तयारी करू?
(निवृत्त, कोपरखैरणे)

उत्तर : काका, वेळ उत्तम निवडलीत, पानं पडायला लागली की मोठ्या माद्या थंडीच्या आधी पोट भरून घेतात. परवाना आधी काढा, बाहेरच्यांसाठी वेगळा असतो, ऑनलाइन मिळतो, त्याशिवाय पाण्याला हात लावू नका. सामान इथून काहीही नेऊ नका, आपले रॉड त्या लूरला मोडतील. दोन दिवस गाईड घ्या, रॉड, रीळ, जाळी सगळं त्याच्या बोटीत असतं, पैसे बरेच जातील पण एकट्याने सुरुवात करण्यासारखा हा मासा नाही, दातांच्या आणि तीन-तीन काट्यांच्या गळांच्या मध्ये हात घालायचा असतो शेवटी. कपडे तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट घाला, बोटीतला वारा हाडात जातो. चष्मा पोलराइज्ड घ्या, साध्या चष्म्याने पाण्याखालचं दिसत नाही आणि तुम्ही तर बघायलाच चाललाय.

आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास हात भरून येतील, काही दिसलेलं नसेल, गाईडसुद्धा गप्प झालेला असेल, तेव्हा लूर बोटीपाशी आलं की लगेच वर काढावंसं वाटेल. काढू नका. खाली बघा आणि एक आठ काढा.